काळा टाका

अक्का, काल निवड झाली. तुम्ही नसताना झालेली पहिली.

बसलो तुमच्याच ओसरीवर. दुसरीकडे बसावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. तुमच्या लेकीनं नांदेडला परत जाताना घराची किल्ली मामीकडे दिली आहे. मामीनं सकाळीच झाडलोट करून सतरंजी अंथरली होती. तीच, मधून लाल पट्टा गेलेली. पट्ट्याच्या उजवीकडे विक्रीला जाणारे लोकरीचे कपडे, डावीकडे परत जाणारे. खांबाला टेकून तुम्ही बसायच्या ती जागा कोणी घेतली नाही. मग कौसाबाई आली, तिनं आपलं गाठोडं नेमकं तिथंच टेकवलं. तुम्हाला ते चाललं असतं. रिकामी जागा तुम्हाला कधी पाहवली नाही. बाळाचं टोपडं हातात आलं तरी आधी त्यात मूठ घालायच्या.

तुम्ही गेल्याला दीड महिना होत आला. गेलेल्या माणसाबद्दल लिहितात तेव्हा कुठं जन्म झाला, कुठं नोकरी केली, किती वर्षं केली, असं सांगतात. ते तुम्हाला माहीत आहे आणि आपल्या डोंगरकडा गावाला तर तोंडपाठ आहे. मला तुम्हाला दुसरंच सांगायचं आहे, एका पिवळ्या स्वेटरचं. गेल्या वर्षी त्या स्वेटरवरून मी तुमच्याशी खोटं बोलले. ते कबूल करायचं राहून गेलं, आणि काल तो स्वेटर पुन्हा माझ्या हातात आला. पंधरा बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि तो पट्ट्याच्या कोणत्या बाजूला ठेवायचा ते मला ठरवायचं होतं.

पण आधीचं आधी सांगते.

मी साखरा गावची. आमच्या घरात दहावीच्या पुढं माझ्या आधी कोणी गेलेलं नव्हतं. हिंगोलीला बी.ए.चं एक वर्ष कसंबसं झालं आणि वडील म्हणाले, आता पुरे. त्यांचा राग नव्हता, त्यांना फक्त पुढचं दिसत नव्हतं. तेव्हा मामी मला तुमच्याकडे घेऊन आली. तुम्ही आरोग्य उपकेंद्रातून निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण गाव तुम्हाला शिस्टरच म्हणायचं. मामी अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्का म्हणाले. मामीनं सांगितलं होतं की दरवर्षी थंडीच्या तोंडावर तुम्ही गावातल्या बायकांनी विणलेले लहान लेकरांचे कपडे हिंगोलीला एका शाळेच्या हॉलमध्ये मांडता आणि त्यातून खेड्यातल्या पोरींच्या खोलीचं, खाणावळीचं बघता. मी मार्कांचा कागद घडी करून हातात धरला होता. तुम्ही तो मागितलाच नाही. तुम्ही विचारलंत, "खोलीला आतून कडी हाय का? संडास किती लांब हाय?" मी चाट पडले. शिकायला निघालेल्या मुलीला हे प्रश्न कोणी विचारत नाही, आणि मुली शिक्षण सोडतात ते बऱ्याचदा याच्यावरूनच, हे मला पुढं कळलं.

मी पाया पडायला वाकले तर तुम्ही पाय मागं घेतलेत. म्हणालात, "ते नको. दिवाळीनंतर निवडीला ये. डोळे चांगले हायेत ना तुझे?"

त्या पहिल्या निवडीला आले तेव्हा माझ्या अंगात बी.ए. दुसऱ्या वर्षाची सगळी हुशारी होती. सतरंजीवर ढीग पडला होता: टोपडी, मोजे, कुंच्या, बिनबाह्यांच्या बंड्या, चार-दोन पूर्ण स्वेटर. बायकांचं वर्षभराचं विणकाम. कापूस वेचून आल्यावर, जनावरांचं झाल्यावर, चुलीवर भाकरी भाजता भाजता केलेलं. इतक्यात शेजारच्या सुनेचं लेकरू तापलं म्हणून तुम्हाला बोलावणं आलं. जाताना म्हणालात, तोवर बघत बस, पण हात लावून बघ, नुसतं डोळ्यानं नको.

मी बघितलं. प्रत्येक कपड्याच्या मागच्या बाजूला, खालच्या काठाशी, काळ्या लोकरीचा एक टाका. गुलाबी टोपड्यावर काळा, पांढऱ्या मोज्यावर काळा. मला वाटलं, लोकर कमी पडली असेल, उरलेलीनं भागवलं असेल. हिंगोलीच्या बायका हे डाग समजतील, मी मनाशी म्हणाले. मग तुमच्या डब्यातली छोटी कात्री घेतली आणि एकेक करून सगळे काळे टाके काढले. तीसेक कपडे असतील. काढलेल्या धाग्यांचा छोटासा ढीगही नीट रचून ठेवला, तुम्हाला दाखवायला.

मामी चहा घेऊन बाहेर आली आणि कपबशा हातातच राहिल्या. "काय केलं गं पोरी," एवढंच म्हणाली. बायका जमल्या. एकीनं आपलं टोपडं उचललं आणि उलटंपालटं करून बघत राहिली, दवाखान्यात आपलंच लेकरू आहे ना म्हणून बघावं तसं. तुम्ही आलात, चपला काढल्यात, धाग्यांचा ढीग पाहिलात. मी डोळे मिटून घेतले होते. तुम्ही खांबाला टेकून बसलात आणि म्हणालात, "घ्या. शिकलेल्या पोरीनं आपल्या सगळ्या लेकरांच्या तिटा पुसल्या."

सगळी ओसरी हसली. मी रडत होते.

लहानपणी माझ्या गालावर, पायाच्या तळव्यावर आईनं रोज काजळाची तीट लावली असणार. माझ्या भाचरांना मी स्वतः लावली आहे. तरी लोकरीवर ती मला ओळखू आली नाही. पण मला त्याहून वेगळा प्रश्न पडला होता, आणि चहा झाल्यावर मी तो विचारला: अक्का, तुम्ही तर नजर मानत नाही. पुढच्या खोलीत बुद्धमूर्ती, तिच्यापुढं मेणबत्ती. तापलेल्या लेकरावरून मीठ-मोहऱ्या ओवाळत बसणाऱ्या बायकांना तुम्ही काय काय बोलायच्या ते सगळ्या गावानं ऐकलेलं. तुम्ही सावकाश सांगितलंत.

"नजर मी अजून बी मानत न्हाई. पण माय तीट लावते ना, तेव्हा लेकराला मांडीवर घेऊन एकदा सगळं बघते. कानामागं बघते, मानेत बघते. मला तेवढं बघणं पाहिजे. म्हणून यांना सांगितलं, काळा टाका घालाच, पण सगळ्यात शेवटी. कपडा उलटा करून, हात फिरवून, सगळं बघून झाल्यावर. ज्यावर टाका न्हाई, ते अजून बघितलेलं न्हाई."

म्हणजे मी तीस कपड्यांवरचं बघणं पुसून टाकलं होतं. कोणता बघितला, कोणता नाही, हे आता सांगता येत नव्हतं. बायका उठल्या नाहीत. दुपारभर बसून त्यांनी सगळं पुन्हा बघितलं, पुन्हा टाके घातले. त्यात एका कुंचीचा निसटलेला टाका सापडला आणि एका बंडीचं ढिलं बटण. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, सवितानं टाके काढले म्हणून हे सापडलं. ते खरंही होतं. तुमची माया नेहमी अशीच यायची, एखाद्या खऱ्या गोष्टीला बांधून. नुसती कधी आली नाही.

मग दरवर्षी येत राहिले. बी.ए. झालं, परीक्षा दिल्या, पोस्टात लागले, कनेरगाव नाक्याला खोली केली, तरी निवडीच्या दिवशी रजा ठरलेली. हळूहळू तुमच्यासारखं बघायला शिकले. तुम्ही अर्ध्या गावाची लेकरं वजनकाट्यात घातलेली, तुम्हाला कपडा दिसायच्या आधी त्यातलं लेकरू दिसायचं. मोज्याच्या काठात दोन बोटं गेली पाहिजेत, नाहीतर पायाला वळ पडतो. टोपड्याला गोंडा नको, लेकरू तो ओढून तोंडात घालतं. कुंचीचा बंद लांब नको, गळ्याशी अडकतो. जाळीची वीण सुंदर दिसते, पण तिच्यात एवढंसं बोट गुंततं आणि मग ओढाताणीत मोडतं. ते तुम्ही एकदा केंद्रात पाहिलं होतं, त्यानंतर जाळी बंद. एक महिन्याच्या खालचं माप आपण ठेवतच नव्हतो, कारण पोटातल्या लेकरासाठी आधी कपडा घ्यायचा नाही ही आपल्याकडची रीत, आणि बाळंतपण झाल्यावर आजीबाई कपडा घ्यायला येईपर्यंत लेकरू महिन्याचं होतंच. सगळ्यात शेवटी कपडा उलटा करायचा आणि आतला प्रत्येक जोड ओठावरून फिरवायचा. तुम्ही म्हणायच्या, हात राबून राबून निबर होतात, त्यांना काही कळत नाही. ओठ मात्र म्हाताऱ्या माणसाचेही लेकराच्या कातडीएवढे खरं सांगतात.

डावीकडे गेलेल्या प्रत्येक कपड्याला तुम्ही चिठ्ठी लावायच्या. लसीकरणाची जुनी कार्डं होती तुमच्याकडे, त्यांच्या कोऱ्या पाठीवर, दवाखान्याच्या रजिस्टरात लिहावं तसं सरळ अक्षर. काय चुकलं ते, आणि पुढं 'परत'. विणणारीचं नाव कधीच नाही. पण ओसरीवर कोणाचा टाका कोणाचा ते सगळ्यांना कळायचं.

कौसाबाईचा तर आंधळ्यालाही कळला असता. अक्का, तिच्या मोज्यांवरून आपलं भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही.

कौसाबाई दुसऱ्यांच्या शेतात राबणारी. हाताला सगळं घट्ट धरायची सवय, मग ते खुरपं असो की सुई. तिचा मोजा जमिनीवर ठेवला की आपल्या आपण उभा राहायचा. बायका म्हणायच्या, कौसे, हा मोजा लेकराला चालायलाच शिकवणार. एका साली हळद शिजवायच्या दिवसांत तिनं पांढऱ्या लोकरीचे मोजे विणले, ते पिवळे होऊन आले. ती शांतपणे म्हणाली, पिवळेच हायेत म्हणून सांगा. तुम्ही हसलात, आणि चिठ्ठी लिहिलीत: बोट जात नाही. परत.

ओळीनं तीन वर्षं परत. तिसऱ्या वर्षी बायका गेल्यावर मी तुम्हाला म्हणाले, एक जोडी ठेवा की अक्का. चांगल्या कामासाठी आहे, घेणारेही पुण्य म्हणूनच घेतात. तुम्ही घड्या घालत होतात, मान वर केली नाहीत. "पुण्य म्हणून घेतलेलं पेटीत जातं. मला लेकराच्या अंगात गेलेलं पाहिजे. अन् घट्ट मोज्यानं पाय निळा पडला, तर ते पुण्य कोणाचं?"

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि तुम्हीच दिलेल्या खाणावळीच्या पैशावर शिकलेली होते. तरी मी बोलले. "तुम्हाला लेकराचा पाय दिसतो अक्का. बाईचं तोंड दिसत न्हाई."

तुम्ही पुढची घडी घातलीत. पुढच्या वर्षी कौसाबाई निवडीला आलीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आली, आणि तिनं आणलेल्या मोज्यात तुमची दोन बोटं सहज गेली. तुम्ही फक्त माझ्याकडे पाहिलंत. माझं चुकलं म्हणायला हवं होतं मी. पण मी विचारलं, "अन् मधलं वर्ष?" तुम्ही मोजे एकात एक घातलेत आणि म्हणालात, "चहा ठेव."

त्या मधल्या वर्षाचं काय करायचं, ते आपलं ठरलंच नाही.

मामीनं नंतर एकदा मला सांगितलं की अगदी सुरुवातीच्या दोन वर्षांत काही बायका तुमच्या ओसरीवर यायच्या, विणायला शिकायच्या, पण तुमच्या माठातलं पाणी घ्यायच्या नाहीत. आपापल्या घरून तांब्या आणायच्या. कौसाबाई त्यातलीच. तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत. मी एवढंच जाणते, की त्या रागानं तुम्ही कोणाचा चांगला टाका परत पाठवला नाहीत, आणि पुढं तो माठ सगळ्यांचा झाला तेव्हा त्या आनंदात कोणाचा वाईट टाका पासही केला नाहीत. हे कळल्यावर मला वाटलं होतं, येऊन तुम्हाला काहीतरी म्हणावं.

आता गेल्या वर्षाचं.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि उजव्या हाताला कंप होता. सुया थांबल्या नव्हत्या. वर्षभरात टोपडी झाली, आणि वर्षाच्या लेकराच्या मापाचा एक स्वेटर, ओल्या हळदीच्या रंगाचा. तुमचा नियम होता की तुमचा कपडाही ढिगातच पडायचा, आणि तो तुम्ही बघायचा नाही, दुसऱ्या कोणी बघायचा. तो माझ्या हातात आला. दोन बोटं, मूठ, बटणं, सगळं बराबर. काळा टाकाही होता. मग मी तो उलटा करून ओठाला लावला, आणि डाव्या बाहीच्या जोडाला लागलं. ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. लोकर संपली तिथं दुसरी जोडताना मारलेली. तुम्हीच शिकवलं होतं की गाठ मारायची नाही, दोन टोकं आठ-दहा टाके जोडीनं चालवायची. थरथरत्या हाताला ते जमलं नसणार.

मी मान वर केली. तुम्ही स्वेटरकडे बघत नव्हतात, माझ्याकडे बघत होतात.

"पाहिलंस का नीट?"

"व्हय अक्का, पाहिलं."

आणि मी तो उजवीकडे ठेवला. त्या क्षणी मला स्वतःचं कौतुकही वाटलं, हे सांगायला आज लाज वाटते. मला वाटलं, कौसाबाईसाठी जे तुम्ही केलं नाहीत ते मी तुमच्यासाठी केलं. एका बाईचं तोंड पाहिलं.

हिंगोलीच्या हॉलमध्ये तुम्ही टेबलाच्या टोकाला बसला होतात. मी एका आजीबाईंना कुंच्या दाखवत होते. दुपारी बघितलं तर पिवळा स्वेटर नव्हता. मी विचारलं, पिवळा कोणी नेला? तुम्ही म्हणालात, "नेला एका बाईनं." सुटले असं वाटलं. पण सुटले नव्हते. पुढं वर्षभर पोस्टात शिक्के मारता मारता मध्येच आठवायचं, की कुठल्यातरी घरात एक लेकरू हात वर करतंय, आणि काहून रडतंय ते त्याच्या आईला कळत नाही.

पोळ्यानंतर तुम्हाला भेटायला आले होते. तुम्ही बाजेवर पडून होतात. आज सांगायचंच असं ठरवून बसमधून उतरले होते. तुम्ही माझ्या चष्म्याचा नंबर विचारलात, खोलीच्या मालकिणीचं विचारलंत, यंदाच्या तीन पोरींच्या खोल्या पाहून ये म्हणालात. मी व्हय व्हय म्हणत राहिले. बस निघायची वेळ झाली. सांगितलं नाही.

तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या लेकीनं विणकामाची पिशवी मामीला दिली. आईनं सांगून ठेवलंय म्हणाली. मामीनं ती तशीच ठेवली, आणि काल सगळ्यांच्या देखत ओसरीवर उघडली. वर सुया होत्या, लोकरीचे गुंडे होते. मग दोन निळी टोपडी, यंदाची, दोन्हींवर काळा टाका. आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो पिवळा स्वेटर.

बायकांना वाटलं, हा यंदाच विणलेला. मला माहीत होतं. त्याच्यावरचा काळा टाका काढलेला होता. सेफ्टी पिनेनं कार्डाचा तुकडा लावलेला होता आणि त्यावर तुमचं अक्षर, थोडं वाकडं झालेलं. मी मोठ्यानं वाचलं. "बाहीच्या जोडाला आतून गाठ. परत."

अक्का, मग मी सांगून टाकलं. तुम्हाला सांगायचं होतं ते तुमच्या ओसरीला सांगितलं. गेल्या वर्षी गाठ मला लागली होती, मी खोटं बोलले, शिस्टरनं ओळखलं, टेबलावरून स्वेटर स्वतःच उचलून घरी आणला, आणि मला कधी बोलून दाखवलं नाही. कोणी रागावलं नाही. मग मामी म्हणाली, गाठ असली म्हणून काय झालं, हा टेबलावर सगळ्यात वर ठेवू, बाजूला अक्काचा फोटो ठेवू, हार घालू. लोकांना कळू दे कोणाचा हात आहे. बाकीच्यांनाही ते पटलं. एकजण म्हणाली, विकायचा तरी कशाला, शिस्टरची आठवण म्हणून इथंच ठेवू.

मी स्वेटर हातात धरून बसले. माझ्या मनात होती ती चिठ्ठी. डोंगरकड्यात या ओसरीवर परत गेलेल्या प्रत्येक कपड्याची चिठ्ठी विणणारीला मिळाली, सगळ्यांसमोर. ही एकच तुम्ही पिशवीच्या तळाशी ठेवलीत. कारण ती नुसती विणणारीची नव्हती, बघणारीचीही होती. लेकराला गाठ टोचू दिली नाहीत, आणि माझं तोंडही खाली जाऊ दिलं नाहीत. दोन्ही जमतं तर अक्का. ओझं तेवढं स्वतःकडे घ्यावं लागतं. हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं की कौसाबाईच्या त्या मधल्या वर्षानं शिकवलं, ते आता मी कोणाला विचारू?

मी स्वेटर पट्ट्याच्या डावीकडे ठेवला.

मामीनं पदर डोळ्याला लावला. डावीकडचा कपडा विणणारीकडे परत जातो, आणि इथं विणणारीच नव्हती. तो तिथं एकटाच पडून राहिला. इतक्यात कौसाबाईनं हात लांब केला.

"आन इकडं. परत आलेलं नीट करायची सवय या ओसरीवर माझ्याएवढी कोणाला हाय?"

पहिली मामीच हसली, डोळे पुसता पुसता. मग सगळ्या हसल्या. तुम्हीही हसला असतात, तुमचं ते नाकातून येणारं हसू. कौसाबाई आपल्या गाठोड्याशेजारी, खांबाला टेकून बसली. बाही जोडापर्यंत उसवली. गाठ नखानं सोडवली, दोन्ही टोकं वेगळी केली आणि आठ-दहा टाके जोडीनं चालवली, तुम्ही सांगायच्या तशी. किती मोकळा झालाय तिचा टाका. विणता विणता स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "शिस्टरकून बी गाठ पडली म्हणायची. मला वाटायचं, आपल्याकूनच पडतात."

तिचा चेहरा मी पाहिला, अक्का. तुम्ही पाहायला हवा होता.

बाही पूर्ण झाल्यावर तिनं स्वेटर माझ्याकडे टाकला. काळा टाका घातला नव्हता. मी म्हटलं, मावशी, टाका राहिला. तर म्हणाली, "तो तू घाल. मागच्या खेपेला तूच बघितलं न्हाईस."

मी बघितलं. काठात बोटं घातली, बटणं ओढली, गळ्यातून मूठ काढली. उलटा करून सगळे जोड ओठावरून फिरवले, डाव्या बाहीचा दोनदा. लोकरीला तुमच्या पिशवीतल्या कापराचा वास होता. मग तुमच्याच डब्यातली काळी लोकर सुईत ओवली. माझा हात विणकामाचा नाही, टाका तिरका आला. मामी म्हणाली, वाकडा झाला गं. कौसाबाई म्हणाली, तीट कधी सरळ असती व्हय?

तुमचा प्रश्न यंदा कोणी विचारला नाही. तरी उत्तर देते. पाहिलं, अक्का. नीट पाहिलं.

चिठ्ठी मी घेऊन आले आहे. ती माझ्या पदवीच्या कागदाबरोबर एकाच फायलीत ठेवली आहे. यंदाच्या तिन्ही पोरींच्या खोल्या बघितल्या. दोघींच्या ठीक आहेत. तिसरीच्या दाराला आतून कडी नव्हती, ती बसवून घेतली.

उद्या सकाळच्या बसनं पेटी हिंगोलीला निघेल. फोटो नाही, हार नाही, कोणाचं नाव नाही. पिवळा स्वेटर पेटीत मधेच कुठंतरी आहे, इतर कपड्यांसारखा. कोणी आजीबाई येईल, हातात घेऊन बघेल, नातवासाठी नेईल. कोणी विणला ते तिला कळणार नाही. एकदा परत आलेला होता तेही कळणार नाही. लेकराला तर काहीच कळायचं नाही. ते हात वर करेल, आणि त्याला काही टोचणार नाही, एवढंच.